चाचणीआधीची वीस मिनिटे

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : गर्भवतींच्या जनुकीय चाळणी चाचण्यांआधी मराठीतून समुपदेशन मिळण्याबाबत

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात कोथरूडला राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते, वय पस्तीस, आणि सध्या मला सहावा महिना सुरू आहे. बाराव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीनंतर माझ्या हातात एक चिठ्ठी देऊन "जाताना रक्त देऊन जा" असे सांगण्यात आले, काउंटरवर एक इंग्रजी कागद पुढे सरकवला गेला आणि मी त्यावर सही केली. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर यांच्यासारखीच ही एक तपासणी असेल, अशी माझी समजूत होती. ती डबल मार्कर होती, म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा जन्मजात गुणसूत्रदोष असण्याची शक्यता किती हे सांगणारी रक्ततपासणी, ती करणे किंवा न करणे माझ्या हातात होते, आणि तिचा निकाल आल्यावर पुढचे निर्णय मलाच घ्यावे लागणार होते, यातले काहीही मला सही करताना माहीत नव्हते.

चार दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी, कर्वे पुतळ्याजवळ बसची वाट पाहत असताना मोबाइलवर अहवाल आला. लाल अक्षरांत 'हाय रिस्क' आणि त्यापुढे 1:180. दवाखाना थेट सोमवारी उघडणार होता. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारले, "म्हणजे बाळ अधू आहे का गं?" आणि मला उत्तर देता आले नाही. रविवारी सकाळी माझ्या नवऱ्याने त्यांना तो आकडा समजावून सांगितला, तेव्हा त्या स्टीलचे ताट घेऊन बसल्या, तांदळाचे एकशे एकोणऐंशी दाणे मोजून घेतले, त्यांत मुगाचा एक दाणा टाकला, ताट हलवले आणि मला डोळे मिटून एक दाणा उचलायला सांगितले. तीनदा उचलला, तिन्ही वेळा तांदूळच निघाला. यातून बाळाविषयी काहीच सिद्ध होत नव्हते, हे आम्हा दोघींनाही कळत होते. पण 1:180 म्हणजे नेमके किती, हे मला पहिल्यांदा समजले ते त्या ताटात, आणि ते समजावणारी बाई सातवी शिकलेली होती.

सोमवारी डॉक्टरांकडे जेमतेम तीन मिनिटे मिळाली. "एनआयपीटी करा, नाहीतर पोटातले पाणी काढून तपासू, पण लवकर ठरवा." मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही, कारण बाहेर बाकड्यांवर जागा उरली नव्हती आणि त्या दिवशी त्या एकट्याच होत्या.

जे मला नंतर वाचून, विचारून, ओळखीच्या एका परिचारिकेला त्रास देऊन कळले, ते सही करण्याआधी कळायला हवे होते. डबल मार्कर आणि त्याबरोबरचा एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणारी सोनोग्राफी) ही चाळणी आहे, निदान नव्हे. आणि चाळणीत वर राहिलेले सगळे खडेच असतात असे नाही. बहुतेक प्रयोगशाळा 1:250 किंवा तशाच एखाद्या आकड्यावर रेघ ओढतात, आणि त्या रेघेच्या वर सापडलेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या बाळांना डाऊन सिंड्रोम नसतो. उलट, 'लो रिस्क' आले म्हणून शंभर टक्के हमीही मिळत नाही. एनआयपीटी दहाव्या आठवड्यापासून करता येते, आईच्या रक्तात उतरलेल्या वारेच्या डीएनएवरून ती डाऊन सिंड्रोम फार अचूकपणे हेरते, पण तीही चाळणीच आहे आणि तिचा खर्च सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर जातो. पक्के निदान गर्भजल तपासणीने, म्हणजे पोटात सुई टोचून काढलेले पाणी तपासून, होते, ती साधारण सोळाव्या आठवड्याच्या सुमारास केली जाते, तिच्यामुळे गर्भपात होण्याचा धोका शेकडा एकापेक्षाही कमी असतो, आणि सगळ्या गुणसूत्रांच्या पूर्ण तपासणीचा अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

मी यांतले काय केले आणि काय नाही, हे या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. लिहिले की वाचणारा माझ्या निर्णयाचा निवाडा करायला बसेल, आणि माझे गाऱ्हाणे निर्णयाबद्दल नाहीच, तो ज्या अंधारात घ्यावा लागला त्याबद्दल आहे.

आता कायद्याकडे वळते. या बाबतीत आपले राज्य देशाच्या पुढे होते. प्रसवपूर्व निदान तंत्रांवर नियंत्रण आणणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला आणि केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात लागली, आणि ती का लावावी लागली हे आपण सारे जाणतो. त्या तरतुदी तसूभरही सैल व्हाव्यात असे मला वाटत नाही. पण त्याच केंद्रीय कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. गर्भजल तपासणीसारख्या प्रक्रियेआधी तिचे ज्ञात दुष्परिणाम स्त्रीला समजावून सांगावेत, तिला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यावी आणि त्या संमतीची प्रत तिला द्यावी, असे पाचवे कलम सांगते. शिवाय कायद्याने प्रयोगशाळा आणि चिकित्सालय यांच्याबरोबरच जनुकीय समुपदेशन केंद्राचीही व्याख्या केलेली आहे. सुई टोचण्याआधी समजावून सांगण्याचे बंधन आहे; पण ज्या साध्या रक्ततपासणीमुळे बाई त्या सुईपर्यंत येऊन पोहोचते, तिच्याआधी समजावून सांगण्याची व्यवस्था मला तरी कुठे दिसली नाही.

दुसरी अडचण वेळेची आहे. डबल मार्करचा काळ अकराव्या आठवड्यापासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंतचा. दर महिन्याच्या नऊ तारखेला होणारी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी मुख्यतः चौथ्या महिन्यापासूनच्या गर्भवतींसाठी आहे, म्हणजे ती चांगली असली तरी या निर्णयासाठी उशिराच ठरते. दुसऱ्या टोकाला, 2021 च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय गर्भपाताची मर्यादा काही गटांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत गेली, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास त्यापुढचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे सोपवला गेला. या दोन टोकांच्या मधल्या आठवड्यांत घर, पैसा, रजा, नातेवाईक आणि स्वतःचे मन, हे सगळे सांभाळत ज्या बाईला ठरवायचे आहे, तिला माहिती दहाव्या आठवड्याच्या आत मिळाली तरच ती उपयोगाची. आशाताई आणि एएनएम परिचारिका पहिल्या बारा आठवड्यांत नोंदणी करून घेण्यासाठी घरोघर फिरतातच. वीस मिनिटांचे हे बोलणे त्या नोंदणीला जोडता येईल.

त्या वीस मिनिटांत काय असावे? चाचणी ऐच्छिक आहे, हे पहिले वाक्य असावे. आकडा 'हाय' किंवा 'लो' असा नव्हे, तर 'एकशे ऐंशीपैकी एक' असा मराठीत सांगावा. डाऊन सिंड्रोम असलेली मुले कशी वाढतात, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो आणि त्यांतल्या पुष्कळ दोषांवर शस्त्रक्रिया होते, हेही त्यात यावे. शक्य असेल तर अशा मुलाच्या आईशी बोलण्याची सोय व्हावी, कारण ते ज्ञान कोणत्याही अहवालात नसते. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या वाहकतेची (स्वतःला आजार नसताना तो मुलांकडे जाऊ शकतो का, याची) तपासणीही तेव्हाच सुचवावी. आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भाला आजाराचा पंचवीस टक्के धोका असतो, आणि सिकलसेल जिथे जास्त आढळतो त्या विदर्भाची किंवा नंदुरबारची मुळे असलेली कितीतरी कुटुंबे आज पुण्यात राहतात. आणि शेवटी, चाचणी नको म्हणणाऱ्या बाईला पुढच्या भेटीत कुणी टोचून बोलू नये.

यासाठी नवी यंत्रे लागणार नाहीत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि महापालिकेच्या प्रसूतिगृहात एक प्रशिक्षित समुपदेशक आणि सोप्या मराठीतले दोन पानी संमतीपत्र, एवढीच माझी मागणी आहे. खाजगी दवाखान्यांनाही तेच संमतीपत्र बंधनकारक करावे.

माझी धाकटी जाऊ कात्रजला राहते. परवा तिने फोन करून विचारले, "ताई, डॉक्टरांना काय काय विचारायचं ते लिहून द्याल का?" मी कॅलेंडरच्या पानामागे सात प्रश्न लिहून दिले. तिचा आठवा आठवडा सुरू आहे, म्हणजे डबल मार्करचा काळ संपेपर्यंत तिच्यापुरते तरी आपल्या खात्याच्या हातात जेमतेम सहा आठवडे आहेत.

आपली नम्र,
कोथरूड, पुणे येथील एक नागरिक