पहाटे पाचचं पाणी

वायरमनकाका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर दोनदा आभार मानून झाले. दोन्ही वेळा तुम्ही ‘बरं बरं, ठेवतो’ म्हणालात. म्हणून हे चार लोकांसमोर लिहिते आहे. नाव घालत नाही, नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही यायचेच नाहीत.

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहाटे पाचला उठतात आणि पावणेसहाला आंघोळीला जातात. चाळीस वर्षांचा नेम. मध्यंतरी गिझरचं पाणी आधी कोमट येऊ लागलं, मग अगदी गार. पुण्यातली ऐन थंडी, आणि त्या तीन दिवस तशाच आंघोळ करून आल्या. कुणाला बोलल्या नाहीत, कारण त्यांना वाटलं, आपणच नळ उलटा फिरवत असू. चौथ्या दिवशी खोकला लागला तेव्हा आम्हाला कळलं.

तुमच्या आधी एक जण येऊन गेला होता. गिझरला हातही न लावता म्हणाला, एलिमेंट, म्हणजे आतली पाणी तापवणारी कॉइल, गेलंय, गिझर दहा वर्षांचा आहे, नवाच घ्या. आम्ही घेणारच होतो.

तुम्ही आलात आणि पाना बाहेर काढायच्या आधी विचारत बसलात. खरं सांगते, तेव्हा मला जरा वैताग आला होता. पाणी कधीच गरम होत नाही, की नको तेव्हा होतं? त्यावर भांडी घासायला येणाऱ्या मावशीच ओट्याकडून म्हणाल्या, ‘अहो दुपारी दोनला केवढं कढत येतं!’ हे त्या मलाही आठवडाभर सांगत होत्या. मी ‘हो का’ म्हणून सोडून दिलं होतं.

मग तुम्ही, ठरल्या वेळी गिझर चालू-बंद करणारा जो टायमर आहे, त्याच्या कडेची बारीक खिटी ‘कायम चालू’वर सरकवलीत. गिझरचा दिवा लागला, अर्ध्या तासात पाणी तापलं. एलिमेंट ठणठणीत. मला जवळ बोलावून तबकडी दाखवलीत. भिंतीवरच्या घड्याळात अकरा दहा, तबकडीवर तीन वीस. म्हणजे पाचला लागायचा तो गिझर पावणेएकच्या पुढे लागत होता आणि मावशींची भांडी उजळत होती.

घरात येणाऱ्या विजेची सेकंदाला ५० आवर्तनं असतात, त्यांवर या टायमरची इवलीशी मोटर फिरते. वीज गेली की ती थांबते, आली की थांबली तिथून पुढे. आत बॅटरी नाही, त्यामुळे मधला वेळ तिच्या हिशेबी कधी गेलाच नाही. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी. चार गुरुवारांचे दोन-दोन तास धरले की झाले जवळजवळ आठ.

‘मग इतकी वर्षं कसं चाललं?’ मी विचारलं. तुम्ही तबकडीची कड बोटाने पुसलीत. ९६ पिना, एकेक पंधरा मिनिटांची, त्यातल्या पाच ते पावणेसहाच्या तीनच दाबलेल्या. कडेचं प्लास्टिक एका जागी गुळगुळीत झालं होतं. ‘हे कोणीतरी हाताने जुळवत असणार,’ म्हणालात.

अण्णा. माझे सासरे. गुरुवारी संध्याकाळी स्टुलावर चढून ते काहीतरी खुडबूड करायचे आणि मी खालून ओरडायचे, अण्णा, पडाल. ते गेले दिवाळीनंतर. त्यानंतर स्टुलावर कोणी चढलंच नाही. आई बाथरूमच्या दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. तुम्ही काही न बोलता मेन बंद करायला गेलात, त्याबद्दलही आभार.

बाकीचं काम मी मोजून ठेवलंय. टायमरचा खोका उघडल्यावर एक स्क्रू ढिला निघाला, तिथल्या वायरचं आवरण तपकिरी पडलेलं. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो आणि ढिल्या जोडात तीच वीज उष्णता होऊन बसते, हे तुम्ही मुलाला जळकं टोक हातात देऊन सांगितलंत. शाळेत त्याने हे पाठ केलंय. कळलं त्या दिवशी. पाऊण तास जास्त होतो का, हेही त्यानेच विचारलं. तुम्ही बिलाच्या मागे हिशेब मांडलात: २५ लिटर पाणी, २० अंशांवरून ६० वर, पस्तीस मिनिटं. अण्णांनी दहा मिनिटं आईंच्या सवयीसाठी ठेवली असावीत.

मला बॅटरीवाला नवा टायमर हवा होता. आई म्हणाल्या, ‘हाच राहू दे, मी फिरवीन.’ मी हसले, तुम्ही हसला नाहीत. बोर्डापासून नवी अडीच चौरस मिलिमीटरची जाड वायर ओढलीत, पट्टी मारलीत आणि खोका बाथरूमबाहेर, आईंच्या खांद्याच्या उंचीवर आणून बसवलात. तबकडी फक्त बाणाच्या दिशेने फिरवायची, उलटी नाही, हे त्यांच्याकडून तीनदा करून घेतलंत. जाता जाता ईएलसीबीचं, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, चाचणीचं ‘टी’ बटण दाबून घर अंधारात गेलं याची खात्री केलीत. त्याचे पैसे सांगितले नाहीत.

परवा गुरुवारी दहाला गेलेली वीज साडेबाराला आली. आई चष्मा शोधत उठल्या, मनगटावरचं घड्याळ टायमरशेजारी धरलं, तबकडी हळूहळू पुढे नेली. मग मला हाक मारून विचारलं, ‘बघ गं, बरोबर आहे का?’ दोन मिनिटं पुढे होतं. मी बरोबर आहे म्हटलं.

कवठाची चटणी केली आहे, तुमच्यासाठी बरणी भरून ठेवलीय. या बाजूला आलात की घेऊन जा. चहा बिनसाखरेचा, लक्षात आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची वहिनी