जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र : दरवाजे उघडण्याआधी तीन दिवस कळवा

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार. जलाशयावर सुरय पक्ष्यांच्या विणीसाठी तरंगते तराफे ठेवून त्यांची देखभाल करणारे आम्ही स्वयंसेवक. विणीच्या सात आठवड्यांत पाणी सोडण्याची किंवा अडवण्याची खबर तीन दिवस आधी मिळावी, ही आमची मुख्य मागणी.

सुरय काड्यांचं घरटं बांधत नाही. उघड्या वाळूत, खडीत खळगा करून दोन-तीन अंडी घालतो. बेटं बुडाली, वाळू उपसली गेली, की त्याला टेकायला जागा उरत नाही. तराफा म्हणजे ती जागा : अडीच मीटर लांब-रुंद लाकडी चौकट, बोटभर फटी ठेवून ठोकलेल्या फळ्या, वर पाणी झिरपणारं कापड आणि 5 सेंटिमीटर खडी. फटी नसल्या तर पाणी साचून अंडी गार पडतात. नुसती खडीच साडेचारशे किलोच्या वर भरते, भिजली की आणखी. तरंगण्यासाठी खाली 200 लिटरची चार पिंपं कागदावर पुरतात, पण दुरुस्तीला दोन माणसं चढली की पाणी खडीला लागतं. म्हणून सहा लावावी लागतात. कडेला वीतभर उंच, बारीक भोकांची जाळी हवी, कारण मोठ्या भोकात पिल्लाची मान अडकते. उन्हापासून आणि घारीपासून आडोसा म्हणून उपडी कौलं.

एवढं सगळं नीट करूनही वीण जाते ती दोरामुळे. तराफा दोन नांगरांवर उभा असतो. दोर आखूड ठेवला आणि रातोरात पाणी तीन-चार मीटर चढलं, तर ताणलेला दोर तराफ्याचा कोपरा खाली ओढतो. खडी घसरते, अंडी तिच्याबरोबर पाण्यात. दोर लांब ठेवला आणि पाणी उतरलं, तर तराफा भरकटून काठाला लागतो. मग कुत्र्याला एक उडी पुरे. दोराच्या मध्यावर वजन टांगलं की थोडा चढउतार सांभाळला जातो, मोठा नाही. जादा दोर आम्ही तराफ्यापासून दूर बोयावर गुंडाळून ठेवतो. खबर वेळेत आली, तर पक्षी न उठवता तिथूनच तो सोडता-आवळता येतो. भर उन्हात पक्षी उठवले तर अंडी तापून मरतात, त्यामुळे ऐनवेळी तराफ्यावर धावून जाणं हा इलाज नव्हे.

तराफे ठेवायची परवानगीही विणीच्या आधी हवी. अंडी उबायला सुमारे तीन आठवडे, पिल्लं उडायला आणखी चार. कागद मधेच आला तर तो हंगाम गेलाच. तराफ्याभोवती 50 मीटरवर बोये लावून मोटारबोटींना मनाई करावी, कारण लाटांनी खडी एका बाजूला जमते.

आणि तराफे आहेत म्हणून उरलेल्या बेटांवरची वाळू उचलायला असलेली हरकत कुणी काढून घेऊ नये. एका तराफ्यावर मोजकीच घरटी मावतात, आणि त्याची खडी दरवर्षी कुणीतरी उपसून धुवावी लागते.

दरवाज्यांचं वेळापत्रक हंगामाआधी मिळालं, तर दोर त्या मापाने आधीच भरून ठेवू. अचानक बदल झाला, तर एक फोन पुरेल.

आपले,
तराफ्यांची देखभाल करणारे स्वयंसेवक