स्मरणिकेची मांडणी करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

आमच्या ग्रंथालयाची स्मरणिका आज सभासदांच्या हाती पडली. कुठलंही पान उघडा, एकच अक्षर, एकसारखं अंतर. त्यामागचं काम वाचणाऱ्याला दिसत नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

लेख कुठून कुठून आले होते! व्हॉट्सअ‍ॅपवरून, मेलमधून, संकेतस्थळांवरून. वर्डमध्ये पेस्ट केले की शब्दांमागे राखाडी पट्टे, एकाच परिच्छेदात ‘मंगल’ आणि ‘कोकिला’ असे दोन फॉन्ट, ओळी भलत्याच जागी तुटलेल्या. ‘फक्त मजकूर’ म्हणून पेस्ट केलं की यातलं बरंच बाहेरच राहतं, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण त्याच झपाट्यात लेखकाने मुद्दाम ठळक केलेला शब्दही साधा होतो आणि तळटीपा गळतात. तुम्ही आधी प्रत्येक फाइलची प्रत काढलीत, ठळक आणि तिरप्या शब्दांना तारका लावल्यात, तळटीपा बाजूला ठेवल्यात, आणि मगच मजकूर उचललात. शेवटी एकेक तारका शोधून लेखकाचा जोर जिथल्या तिथे परत दिलात. एवढा धीर मी फार कमी जणांत पाहिलाय.

गद्यातल्या नको तिथे तुटलेल्या ओळी तुम्ही जोडल्यात. ओव्यांच्या पानाला मात्र हात लावला नाहीत. ‘सगळी अदृश्य चिन्हं एकदम पुसून टाका’ हा सल्लाही मानला नाहीत, ते किती बरं झालं! काही कळफलकांवर ‘दऱ्या’ लिहिताना र आणि य यांच्यामध्ये असं एक न दिसणारं चिन्ह बसतं. ते गेलं की सह्याद्रीवरच्या लेखातल्या दऱ्यांचा ‘दर्या’ झाला असता.

वर्डमधल्या शैलीच्या (स्टाइलच्या) खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा रकाना वेगळा असतो आणि देवनागरीचा फॉन्ट नि आकार तिथे ठरवायचा असतो, हेही तुम्हीच दाखवलंत. त्यानंतर ज्येष्ठ वाचकांसाठी अक्षर मोठं करायचं ठरलं, तेव्हा एकाच जागी बदल पुरला.

श्रेयनामावलीत तुमचं नाव ‘अक्षरजुळणी’खाली छापलंय. पुढच्या अंकापासून ते संपादन मंडळात असावं, असं मी समितीला लेखी कळवलं आहे. तुमच्या प्रती घेऊन रविवारी घरी येतो.

मनःपूर्वक आभार.

आपला,
स्मरणिकेचा संपादक