सिस्टरबाई, अप्पांच्या सुईबद्दल

सिस्टरबाई, सप्रेम नमस्कार.

दारात येऊन आभार मानले असते, तर तुम्ही विषय बदलून मला रेशनच्या रांगेबद्दल विचारलं असतं. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

जुलै 2024 मध्ये अप्पा सात दिवस ऑक्सिजनवर होते. साधा फ्लू, पण गाठ पडली ती मिलच्या ब्लोरूममध्ये, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात, कापसाचे तंतू गिळलेल्या छातीशी. घरी सोडताना औषधांची लांबलचक यादी मिळाली. पुढच्या पावसाळ्याआधी फ्लूची लस द्या, हे मात्र तिथे कुणीच बोललं नाही. बिलाचा तपशील दोनदा समजावला, तो भाग वेगळा.

ते सांगितलंत तुम्ही, तेही एप्रिलमध्ये, जिन्यात. मी लालबागहून मसाला कांडून येत होतो. तुम्ही पिशवीत डोकावलात. "मसाला झाला, सुके बोंबील भरलेस, आणि अप्पांची सुई? तीपण पावसाआधीच्या आगोटीतच धर."

मी म्हटलं, "पाऊस अकरा जूनला. जूनच्या पहिल्या आठवड्यात बघू." त्यावर तुम्ही चक्क पायरीवर बसलात. लस टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोन आठवडे लागतात, पाऊस दारात आल्यावर टोचून काय उपयोग? आपल्याकडे फ्लू पावसात उचल खातो, काश्मीरसारखा थंडीची वाट बघत नाही. आणि विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लसही दरवर्षी नवी घ्यायची. चाळीस वर्षं पालिकेच्या दवाखान्यात काढलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

अप्पांनी मात्र घातला. "सुईनंच ताप येतो, मला माहितीये." तुम्ही त्यांच्या सदऱ्याची बाही वर सरकवलीत आणि दंडावरच्या देवीच्या वणावर बोट ठेवलंत.

"हे कुणी केलं?"

"टोचणारा यायचा चाळीत. मी माळ्यावर लपलो होतो. आईनं पाय धरून ओढला."

"बरं झालं ओढला. या लशीतला विषाणू मेलेला असतो, अप्पा. हात दुखेल, एखाद दिवस कणकण वाटेल, पण तिच्यामुळे फ्लू होत नाही. आणि हाफकिन संस्थेच्या शेजारी राहून लशीला काय घाबरता? त्या हाफकिनसाहेबानं 1897 मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, इथंच, भायखळ्याला."

अप्पा गप्प. परळकराला हाफकिनच्या नावाने टोमणा मारला की तो लागतोच.

10 मेचा शनिवार मी विसरणार नाही. पहिल्या केमिस्टने लस फ्रीजरमधून काढली, खोक्यावर बर्फाचा पांढरा थर. मला वाटलं, व्वा, चांगली गार आहे! तुम्ही खोकं हातातही घेतलं नाहीत. "गोठली की गेली. दोन ते आठ डिग्रीत ठेवायची असते, कुल्फी नाही ही." तो पुटपुटत राहिला आणि आपण दुसऱ्या दुकानात गेलो. तिथे तुम्ही चष्मा लावून खोक्यावरची तारीख वाचलीत, लस कुठल्या हंगामाची ते पाहिलंत, मग बर्फाच्या पिशवीला वर्तमानपत्राच्या तीन घड्या गुंडाळल्यात, लशीला बर्फ थेट लागू नये म्हणून. सगळं तुमच्या निळ्या थर्मासमध्ये, आणि तिथून थेट डॉक्टरांच्या दवाखान्यात. मी एकटा असतो तर ती गोठलेली लस आनंदाने घेऊन आलो असतो. पैसे देऊन, वर थँक्यू म्हणून.

आणि मग 26 मेला पाऊस आला! मुंबईत इतक्या लवकर तो गेल्या पंचाहत्तर वर्षांत आला नव्हता. नव्याकोऱ्या भुयारी मेट्रोच्या स्टेशनात पाणी शिरल्याचे व्हिडिओ सगळे बघत होते, मी कालनिर्णयासमोर उभा राहून बोटांवर दिवस मोजत होतो. सोळा. माझ्या हिशेबाने गेलो असतो तर तोवर केमिस्टकडेही फिरकलो नसतो.

ऑगस्टमध्ये अप्पांना ताप आला, खोटं कशाला बोलू. खोकलेही बरेच. पण तुम्ही आधीच बजावलं होतं की लस म्हणजे कवच नव्हे, दुखणं हलक्यावर निभावलं तरी पुष्कळ. तापाच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं, तेही तुमच्याच धाकाने. चार दिवस पेज आणि कुरकुर. पाचव्या दिवशी अप्पा खाली कट्ट्यावर, कॅरमवाल्यांना शिव्या घालत. हा आवाज गेल्या वर्षी आम्ही महिनाभर ऐकला नव्हता.

थर्मास अजून आमच्याकडेच आहे. रविवारी आणून देणार होतो, पण अप्पा म्हणतात राहू दे, पुढच्या मेमध्ये लागेलच. दोन नंबरच्या आजींनाही त्यांनी परस्पर तयार केलंय. देवीच्या वणाची गोष्ट सांगून, फक्त त्यात ते आता माळ्यावर लपत नाहीत.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा