जुन्या देवळातील स्नानसंस्काराच्या दगडी कुंडासाठी आवाहन

गावातील सर्व ग्रामस्थांस, तसेच नोकरी-व्यवसायानिमित्त मुंबई, पुणे, आखाती देश आणि त्याही पलीकडे स्थायिक झालेल्या आपल्या माणसांस सप्रेम नमस्कार.

आपण बोलताना ज्याला ‘जुने देऊळ’ म्हणतो, त्या पडक्या चर्चच्या मुख्य दारातून आत शिरताच डाव्या हाताला काळ्या दगडाचे एक कुंड आहे. छप्पर केव्हाच गेले, वेदीमागची भिंत अर्धी ढासळली, फरशीच्या सांध्यांतून दर पावसाळ्यात टाकळा उगवतो. कुंड मात्र अजून आपल्या जागी आहे. नवे चर्च उभे राहण्याआधी या गावात जन्मलेल्या प्रत्येक ख्रिस्ती मुलाच्या डोक्यावर याच कुंडातील पाणी ओतले गेले. आज त्यात पावसाचे पाणी साचते आणि उन्हाळ्यात चरायला आलेली गुरे ते पितात. गुरांनी पाणी प्यावे याबद्दल आमची तक्रार नाही, परंतु कुंडाला पडलेली भेग गेल्या दोन पावसाळ्यांत डोळ्यांना दिसण्याइतकी रुंदावली असल्याने आता थांबणे शक्य नाही.

कुंडाविषयी नव्या पिढीला फारशी माहिती नसल्याने थोडे विस्ताराने लिहितो. दाराशी भिंतीत बसवलेले, बोट बुडवून क्रुसाची खूण करण्यासाठी ठेवलेले तीर्थपाण्याचे लहान भांडे वेगळे आणि हे कुंड वेगळे. स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, हा ख्रिस्तसभेत प्रवेश, म्हणून त्याचे कुंड परंपरेने दाराजवळच असते, वेदीजवळ नव्हे. पुनरुत्थानाच्या सणाच्या पूर्वरात्री त्यासाठीचे पाणी आशीर्वादित केले जाई. वापरून झालेले पवित्र पाणी गटारात किंवा पायदळी जाऊ नये म्हणून अशा कुंडांच्या तळाला एक भोक ठेवण्याची जुनी रीत आहे आणि त्या भोकातून पाणी थेट खालच्या मातीत मुरते. आपल्या कुंडालाही ते भोक आहे. आज ते मातीने आणि मुळांनी बुजले असल्यामुळेच त्यात पाणी साचून राहते. बाहेरच्या काठाभोवती दोरखंडाच्या पिळाची नक्षी आहे. पोर्तुगालमध्ये राजा मानुएल पहिला याच्या काळात, म्हणजे १४९५ ते १५२१ या वर्षांत, समुद्रावरच्या वस्तूंची अशी नक्षी दगडात कोरण्याची पद्धत रुजली आणि पुढे त्यांच्या जहाजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर आली. आमच्या समितीतील एका मच्छीमार सदस्याने नक्षी निरखून पाहिली आणि पीळ कोणत्या हाताचा आहे हे लगेच सांगितले. ही दृष्टी कोणत्याही पुस्तकातून मिळाली नसती.

वसईचा मुलूख डिसेंबर १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकेपर्यंत त्यांच्याकडे राहिला. या दोन शतकांत या भागात जी चर्चे बांधली गेली, त्यांच्याच परंपरेतले आपले जुने देऊळ आहे. वसईचा काळा दगड त्या काळी इतका नावाजलेला होता की गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकेच्या दर्शनी भागावरील कोरीव कामासाठी तो समुद्रमार्गे नेण्यात आला. वसईच्या विजयानंतर चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात दूरवर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या आणि भीमाशंकरच्या देवळांतील घंटा आजही लोक आवर्जून पाहतात. घंटा गेल्या, लाकडी वेद्या आणि मूर्ती कालांतराने हलवल्या गेल्या किंवा कुजल्या, आणि मागे राहिले ते उचलता न येण्याइतके जड. संत गोन्सालो गार्सिया यांचा स्नानसंस्कार याच कुंडात झाला असे गावात काही जण सांगतात. त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला, १५९७ मध्ये नागासाकी येथे ते हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले, हे सर्व खरे आहे. पण आपल्या कुंडाशी त्यांचा संबंध जोडण्यास कोणताही आधार नसल्याने देणग्या वाढतील म्हणून आम्ही तसा दावा करणार नाही, आणि आपणही करू नये ही विनंती.

आता नुकसानीविषयी. काही वर्षांपूर्वी, अत्यंत चांगल्या हेतूने, भेगेत सिमेंट भरण्यात आले आणि कुंडाभोवती लोखंडी पट्टी आवळण्यात आली. लोखंड खाऱ्या हवेत गंजते, गंजताना फुगते आणि जो दगड आवळून धरायचा त्यालाच रेटते. सिमेंट पाणी बाहेर पडू देत नाही, त्यामुळे आत अडकलेल्या ओलाव्यातील मीठ दगडाच्या पृष्ठभागामागे साखळते आणि पापुद्रे सुटतात. त्यात भिंतीतल्या पिंपळाचे मूळ बैठकीखाली शिरले आहे. दगडी शिल्पांच्या संवर्धनाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञांनी पाहणी करून जे काम सुचवले आहे ते असे: पट्टी काढणे, सिमेंट यंत्राने न फोडता बारीक छिन्नीने हळूहळू सोडवणे, शुद्ध पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचे थर पुन्हापुन्हा लावून दगडातले मीठ शोषून घेणे, आणि मग भेग व बैठक भिजवून मुरवलेल्या चुन्याने सांधणे. चुन्याला घाई चालत नाही आणि धो धो पाऊसही चालत नाही. म्हणून काम दिवाळीनंतर सुरू करून उन्हाळ्यापूर्वी संपवायचे आहे. त्यानंतर कुंडावर मंगलोरी कौलांचे छोटे छप्पर घालायचे असून त्याचे खांब जुन्या भिंतींना टेकणार नाहीत.

कुंड उचलून नव्या चर्चमध्ये न्यावे, असे मत ग्रामसभेत अनेकांनी मांडले. ते सुरक्षित राहील, लोकांच्या नजरेसमोर राहील आणि छपराचा खर्च वाचेल, हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. तरीही दीर्घ चर्चेनंतर कुंड जागेवरच ठेवण्याचे ठरले. भेगाळलेला दगड उचलताना तो दुभंगण्याचा धोका आहे हे एक कारण झाले. पण त्याहून मोठे कारण असे की दार, दारापाशी कुंड आणि कुंडाखालची माती यांचा जो संबंध बांधणाऱ्यांनी योजला होता, तो नव्या जागी शोभेची वस्तू म्हणून ठेवल्यावर उरणार नाही. अंधेरीच्या सीप्झ वसाहतीच्या आवारात १५७९ मध्ये बांधलेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. साथीच्या रोगामुळे १८४० मध्ये ते चर्च सोडावे लागले, तरी ईस्ट इंडियन समाजाने, म्हणजे मुंबई-वसई पट्ट्यातील मूळच्या ख्रिस्ती लोकांनी, वर्षातून एकदा तेथे मिस्सासाठी, म्हणजे सामुदायिक उपासनेसाठी, जमण्याची प्रथा जपली. कारखान्यांच्या गराड्यात जे साधले ते आपल्या वाडीच्या टोकाला साधण्यास हरकत नसावी.

आपले जुने देऊळ संरक्षित स्मारकांच्या यादीत नसल्यामुळे त्यासाठी सरकारी निधी मिळत नाही. म्हणून आपणा सर्वांना आर्थिक मदतीची विनंती करीत आहोत. रक्कम कितीही लहान असली तरी चालेल. देणगी फक्त चर्च कार्यालयात द्यावी आणि छापील पावती घ्यावी. रस्त्यात किंवा घरी येऊन पैसे मागणाऱ्या कोणालाही समितीने अधिकार दिलेला नाही. तज्ज्ञांचे अंदाजपत्रक कार्यालयाबाहेरील फलकावर लावले आहे आणि दर महिन्याचा जमाखर्चही तेथेच लागेल. शिल्लक राहिल्यास ती केवळ दाराच्या कमानीच्या दुरुस्तीसाठी वापरली जाईल. देणगीदारांची नावे वहीत नोंदवली जातील, मात्र कुंडावर, भिंतीवर किंवा छपराच्या खांबावर कोणाच्याही नावाची पाटी बसवली जाणार नाही; यामुळे काही देणग्या कमी होतील याची आम्हाला कल्पना आहे.

पैशांखेरीज आणखी एक मागणी आहे, आणि आमच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. कुंडाचे पात्र आणि बैठक यांच्यामधला गोल खांब जागेवर नाही. सध्या पात्र दगडगोट्यांच्या रचाईवर टेकले आहे. हा खांब साधारण गुडघ्याइतका उंच असून त्याच्या वरच्या कडेला तोच दोरखंडाचा पीळ असावा. जुन्या देवळाचे चिरे पूर्वी अनेक घरांच्या जोत्यांत, विहिरींच्या काठांवर आणि धुण्याच्या दगडांत गेले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही; पडलेल्या इमारतीचा दगड वाया जाऊ न देणे ही आपल्या आजोबा-पणजोबांची रीतच होती. तसा दगड आपल्या अंगणात, वाडीत किंवा मोटेच्या थारोळ्याशी आढळल्यास कृपया कळवावे. कोणालाही प्रश्न विचारले जाणार नाहीत आणि त्याच्या जागी धुण्यासाठी तासलेला नवा दगड समिती स्वखर्चाने बसवून देईल. खांब न सापडल्यास त्याच मापाचा साधा, नक्षी नसलेला दगड घडवून बसवू, म्हणजे जुने कोणते आणि नवे कोणते हे पाहणाऱ्याला कळेल.

जुन्या वस्तूंचे व्यापारी अधूनमधून गावात चौकशी करून जातात, म्हणून हेही नोंदवतो की शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरते आणि परवानगीविना ती देशाबाहेर नेणे हा गुन्हा आहे. असा कोणी आढळल्यास समितीस लगेच सांगावे.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर आवाराच्या साफसफाईसाठी श्रमदान ठेवले आहे. येताना कोयता, घमेले आणि केरसुणी आणावी. तारेचा ब्रश, ॲसिड किंवा कपडे धुण्याची पावडर कोणीही आणू नये, आणि कुंडावरचे शेवाळ कितीही खटकले तरी तज्ज्ञ येईपर्यंत त्याला हात लावू नये.

आपली नम्र,
जुने देऊळ जतन समिती