पाताळेश्वर पाहायला मुलांना न्यायचंय, हातभार लावा

सप्रेम नमस्कार,

दांडेकर पूल परिसरातल्या मनपा शाळांमधल्या सातवीच्या मुलामुलींना येत्या जानेवारीत दर शनिवारी सकाळी पाताळेश्वर लेणं दाखवायला न्यायचं, असं आपल्या मंडळाने ठरवलं आहे. जंगली महाराज रस्ता या मुलांच्या पायाखालचा. पण तिथेच, महाराजांच्या समाधी मंदिराला लागून, रस्त्याच्या पातळीखाली काय आहे ते बहुतेकांनी पाहिलेलं नाही. (मोठ्यांचंही तेच. सगळा जन्म पुण्यात गेला आणि पाताळेश्वर राहूनच गेलं, असे लोक आमच्या कार्यकारिणीतही आहेत.)

लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं. ७५८ आणि ७६८ सालच्या राष्ट्रकूट ताम्रपटांत या प्रांताचं नाव पुण्य विषय, पूनक विषय असं येतं (विषय म्हणजे तेव्हाच्या भाषेत प्रांत). शनिवारवाड्याचा पाया घातला गेला तो १७३० साली. मुलांना पुणं म्हटलं की वाडाच आठवतो, म्हणून हे मुद्दाम सांगायचं.

पण खरा वेळ द्यायचा आहे तो अंगणातल्या गोल नंदीमंडपापाशी. छत्रीसारखं छत आणि खालचे खांब, सगळं एकाच काळ्या कातळातून वरून खाली कोरत आणलेलं. म्हणजे आधी छत आणि मग खांब! एखादा खांब चुकून मोडला असता, तर दुसरा आणून बसवायची सोय नव्हती. लेण्याचं काम शेवटी अपुरंच राहिलं आहे. आमच्या मते मुलांनी तेही नीट पाहावं. घडत असलेली वस्तू पूर्ण झालेल्या वस्तूपेक्षा जास्त शिकवते.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण पाचवीपासून पाठ असते, पण टाकी मुलांनी पाहिलेलीच नसते. पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देणारे आता दारावर येत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी शाळेच्या पटांगणात एका पाथरवटाला बोलवायचं आहे. दगडावर प्रत्येकाला दोन घाव घालू द्यायचे. काळा दगड किती कठीण, हे मनगटाला कळलं की दुसऱ्या दिवशी नंदीमंडप वेगळाच दिसेल. लेण्यात अर्थातच हत्यार न्यायचं नाही. ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, आणि तिथे रोजची पूजाही चालते.

एका मुलामागे बस, नाश्ता आणि पाथरवटाची मजुरी धरून दीडशे रुपये खर्च येईल. एका मुलाचा भार उचला, जमल्यास पाचांचा. पाथरवटाला पूर्ण मजुरी द्यायची आहे, नारळ-शालीवर भागवायचं नाही. तुमच्या ओळखीत असं काम करणारं कोणी असेल, तर ती माहितीही आम्हाला देणगीइतकीच मोलाची. दगडाचे कण डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून चष्मे लागतील. नाश्त्याला घरचे शेंगदाण्याचे लाडू चालतील. बिस्किटांचे पुडे नकोत, कागद लेण्याच्या आवारात उडतात.

माणसंही हवीत. दहा मुलांमागे एक मोठा माणूस, पायऱ्यांवर लक्ष ठेवणारा आणि भाषण न देणारा. इतिहास सांगायला शाळेच्या बाई आहेत.

देणगी मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी सहा ते आठ या वेळात द्यावी. पावती लगेच मिळेल. शनिवारी येऊ शकणाऱ्यांनी डिसेंबरअखेर तिथल्या वहीत नाव लिहून ठेवावं.