देवगिरीच्या अंधारीत माझ्या लेकीला वाट दाखवणाऱ्या काकांना

काका, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं आणि फोन नंबरही घेतला नाही, त्यामुळे हे पत्र असंच सगळ्यांसमोर लिहितेय. दौलताबादच्या किल्ल्यावर गाईडचं काम करता तुम्ही, हातात काठी होती, एवढ्यावरून तुमच्या ओळखीचं कुणी हे वाचलं तर तुमच्यापर्यंत नक्की पोचवेल अशी आशा आहे. घरी येऊन बरेच दिवस झाले तरी तुमचा विषय निघाला की माझा गळा दाटून येतो, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकावं.

आम्ही पुण्याहून गाडीने निघालो होतो, नगर मार्गे संभाजीनगर, मग देवगिरी, खुलताबाद, वेरूळ असा बेत. बेत सगळा लेकीचा होता. नऊ वर्षांची आहे, चौथीच्या पुस्तकात शिवाजी महाराज वाचल्यापासून किल्ल्यांचं वेड लागलंय तिला. तिच्या डोळ्यांच्या आजाराला डॉक्टर रेटिनायटिस पिगमेन्टोसा म्हणतात. समोरचं तिला दिसतं, बाजूचं आणि पायाखालचं फार कमी दिसतं, आणि उजेड कमी झाला की काहीच दिसत नाही. उन्हातून एकदम सावलीत आलं तरी तिला थांबावं लागतं बराच वेळ. हे तुम्हाला आत्ता सांगतेय कारण त्या दिवशी तुम्ही विचारलंच नाहीत. तिला काय झालंय, जन्मापासून आहे का, काही उपाय नाही का, अमुक ठिकाणी एक वैद्य आहेत त्यांच्याकडे नेऊन बघा, यातलं एकही वाक्य तुमच्या तोंडून आलं नाही. आम्ही ही वाक्यं किती ऐकतो आणि तीसुद्धा तिच्या डोक्यावरून, ती तिथे उभीच नाहीये असं समजून, ते आमचं आम्हाला माहीत.

त्याच दिवशी सकाळी आम्ही दुसऱ्या एका प्रसिद्ध ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही. तिथला गाईड तिच्या देखत मला म्हणाला, "हिला काय दिसणार मॅडम, उगाच पडली बिडली तर ताप, हिला गाडीत बसवा आणि तुम्ही आरामात बघून या." ती तिथेच उभी होती हो, माझा ओढणीचा टोक धरून. तिच्या बाबांनी त्याला सुनावलं ते सुनावलंच पण पोरीचा चेहरा जो उतरला तो उतरलाच. त्याआधी शाळेची सहल झाली होती तेव्हाही हेच, "जबाबदारी कोण घेणार" म्हणून तिला घरी ठेवायला सांगितलं, वर्गातली सगळी मुलं गेली आणि ही त्या दिवशी माझ्याबरोबर दळण आणायला आली. म्हणजे देवगिरीच्या पायथ्याशी आम्ही पोचलो तेव्हा तिने स्वतःच सांगून टाकलं होतं की मी खालीच बसते, तुम्ही जा. नऊ वर्षांच्या पोराने असं शहाण्यासारखं बोलावं याइतकं आईला लागणारं काही नसतं.

मग तुम्ही भेटलात. सुरुवातीला तुम्ही नेहमीसारखीच माहिती सांगत होतात, यादवांची राजधानी, 1296 मधली अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी, 1327 मध्ये तुघलकाने दिल्लीहून राजधानी इकडे आणली आणि दौलताबाद नाव ठेवलं, हे सगळं. पण महाकोटाच्या, म्हणजे किल्ल्याच्या मोठ्या तटबंदीच्या दरवाजाशी तुम्ही तिला जवळ बोलावलंत आणि दारावरच्या लोखंडी खिळ्यावर हात ठेवायला सांगितलात. "हे कुणासाठी असतील सांग?" ती म्हणाली हत्तीसाठी. बरोबर! हत्ती डोक्याने धडक देऊन दार फोडायचे म्हणून हे खिळे. मग तुम्ही तिला आतल्या चौकात वळायला लावून विचारलंत की पुढचा दरवाजा सरळ समोर का नाही, आणि तिनेच उत्तर काढलं की हत्तीला पळत यायला जागाच मिळू नये म्हणून. त्या उत्तरानंतर ती खाली बसायचं विसरली. चांद मिनार मागे पडला, चिनी महाल झाला, मेंढा तोफ झाली, ती चालतच राहिली.

आणि मग खंदकावरचा पूल ओलांडून आपण अंधारीच्या तोंडाशी आलो. मी मनात ठरवलंच होतं की इथून आम्ही दोघी परत फिरणार. डोंगराच्या पोटात कोरलेला वळणावळणाचा रस्ता, आत मिट्ट काळोख, वटवाघळांचा तो उग्र वास, पायऱ्या एक उंच तर एक बुटकी. शत्रूने चाचपडावं म्हणूनच केलेली जागा ती. जिथे डोळस सैन्याची दाणादाण उडायची तिथे माझी पोर कशी जाणार.

काका, आता तुम्ही जे केलंत ते तुमच्या लक्षातही नसेल. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, तिच्या बाबांकडेही नाही. तुम्ही गुडघ्यावर हात टेकून वाकलात आणि तिला विचारलंत, "ताई, आत तुला कसं न्यायचं? हात धरू का आवाज देऊ?"

आणि थांबलात.

ती पटकन बोलत नाही, तिला वेळ लागतो, त्यात असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. आम्ही आईबाप असून आम्हीही थेट हातच धरतो. मागे कॉलेजच्या पोरांचा मोठा ग्रुप येऊन अडकला होता, "चलो ना भैया", "काय झालंय पुढे" असं सुरू झालं होतं, मीच उत्तर देणार होते तिच्या वतीने, तेवढ्यात तुम्ही हात वर करून सगळ्यांना म्हणालात, "थांबा जरा, हिचं ठरू द्या." हिचं ठरू द्या! काका, या तीन शब्दांसाठी मी हे सगळं पत्र लिहितेय. तो पोरांचा ग्रुपही गप्प उभा राहिला, त्यांचंही कौतुक आहे मला.

मग ती म्हणाली, "हात नको. आवाज द्या."

त्यानंतर तुम्ही काठी पायरीच्या कडेवर आपटत पुढे निघालात. साधी पायरी असेल तर एकदा, उंच असेल तर दोनदा, वळण आलं की भिंतीवर. समजावून काही सांगितलं नाहीत, तिचं तिलाच कळत गेलं. आम्ही मोबाईलचा टॉर्च लावून सुद्धा ठेचकाळत होतो आणि ती तुमच्या मागे टक, टक टक, अशी तोंडाने तालात म्हणत चढत होती. पलीकडे उजेडात आल्यावर ती डोळे मिटून उभी राहिली थोडा वेळ, उजेडाचा त्रास होतो तिला, आणि मग एवढंच म्हणाली की आई, मला हात नाही लागला.

मला नेहमी वाटतं की चांगली माणसं खूप मोठं काही करत नाहीत. पैसे देत नाहीत, भाषण देत नाहीत, दया तर अजिबात दाखवत नाहीत. समोरच्याला विचारतात आणि उत्तर येईपर्यंत धीर धरतात. आपल्याकडे मदत करायला सगळे धावतात हो, रस्ता ओलांडताना तर तिला कुणीही दंडाला धरून ओढतं, भावना चांगली असते मान्य आहे, पण विचारतं कोण? सकाळच्या त्या गाईडकडेही तुमच्याइतकीच माहिती असेल, कदाचित जास्त असेल, सनावळ्या त्याला पाठ असतील. तुमच्याकडे माणूस बघायची नजर आहे.

निघताना तुम्ही तिला सांगितलंत ना की वेरूळला दहा नंबरच्या लेणीत गेलीस की मोठ्याने आवाज काढून बघ, ते आम्ही केलं दुसऱ्या दिवशी. विश्वकर्मा लेणी, ज्याला सुताराची झोपडी म्हणतात ती, दगडातच कोरलेल्या छताच्या फासळ्या, पुढे स्तूप आणि बुद्ध. आत उजेड बेताचाच, तिला काही दिसत नव्हतं. तिथल्या रखवालदाराला विचारून तिने "आ" लावला आणि तो आवाज असा काही घुमत राहिला की ती म्हणाली छत खूप उंच आहे आणि वर गोल आहे. बरोबर होतं! आणि कैलास लेणं तर मोकळ्या उन्हात, तिथे तिने जोत्यावरचे हत्ती एकेक करून बघितले, तिला एका वेळी थोडंसंच दिसतं ना, त्यामुळे कुणाची सोंड तुटलीय, कुठला हत्ती काय करतोय, हे आम्हाला तिनेच दाखवलं. आम्ही आपले फोटो काढून पुढे गेलो असतो.

अजून एक गोष्ट तुम्हाला सांगायचीय. डॉक्टरांनी तिला पांढरी काठी वापरायची सवय कर म्हणून कधीचं सांगितलं होतं, आम्ही आणलीही होती, पण तिला लाज वाटायची, कपाटात मागे टाकून दिली होती. घरी आल्यावर तिने ती स्वतः बाहेर काढली. जिन्यात प्रत्येक पायरीला टक करते, उंच पायरीला दोनदा. शेजारच्यांनी विचारलं तर सांगते की देवगिरीच्या काकांची पद्धत आहे.

त्या दिवशी ऊन कलायला लागलं होतं म्हणून आम्ही वरच्या बारादरी महालापर्यंत न जाता मधूनच उतरलो, अंधार व्हायच्या आत खाली यायला हवं होतं. तिला ते राहिल्याची रुखरुख आहे. थंडीत परत येतोय, सकाळी किल्ला उघडला की लगेच चढायला सुरुवात करू, आणि गाईड म्हणून तिला तुम्हीच हवे आहात, दुसरं कुणी चालणार नाही असं तिने आत्तापासून बजावलंय. तुमच्यासाठी तिने हत्तीच्या दरवाजाचं चित्र काढलंय, खिळ्यांसकट, तेही घेऊन येतोय.

तुमच्या ताईची आई